माणसं हाताखाली घेताय? मग या चुका टाळा

देवगड-वेंगुर्ल्याकडच्या छोट्या धंद्यांचे हिशेब बघणं हे माझं काम. आंबा, काजू, होमस्टे, एखाददुसरी बोट. "कामाला माणसंच मिळत नाहीत" हे वाक्य दर हंगामात कानावर पडतं, आणि ते खोटं नाही. पण त्याच वाडीत एखादा बागायतदार असा असतो, की ज्याच्याकडे वर्षानुवर्षं तीच माणसं येतात आणि तो मजुरीही काही जास्त देत नाही. तो बोलतो कसा, हे जाऊन ऐका. बाकीचे काय करतात ते मी सांगतो.

ग्रुपवर फोटो टाकून अब्रू काढणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग आहे, म्हणून जरा सविस्तर.

देवगडकडची गोष्ट. एप्रिल अखेर, ऐन हंगाम. वाशीच्या दलालाने फोटो पाठवला: उघडलेली पेटी आणि फळांवर काळे ओघळ. मालकाने तो जसाच्या तसा कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "ज्यांना डोळे आहेत त्यांनी बघा." नाव कुणाचंच नाही. पण पेट्या कोण भरतं हे सगळ्यांना ठाऊक. शेडमध्ये एक मावशी होत्या. फळ नुसतं तळहातावर घेऊन वजन सांगायच्या, काटा नंतर तेच दाखवायचा. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्यांच्या वाडीतल्या बाकीच्या बायकाही आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सगळ्या शेजारच्या शेडमध्ये पेंढा अंथरत होत्या.

आता त्या डागांचं बघा. देठ मोडला की चीक फळावर ओघळतो आणि साल काळी पडते, हे कोकणातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. म्हणून तर फळ देठासकट काढायचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नूतन झेला (लांब काठीला पातं आणि जाळी लावलेलं आंबे उतरवायचं साधन) काढला तो त्यासाठीच. पण त्या दिवशी संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून मालकानेच गड्यांना "हात चालवा, हात चालवा" करून पिटाळलं होतं. गड्यांनी झेले ठेवून दिले आणि हाताला लागेल ते ओढून काढलं. म्हणजे चूक झाली झाडावर, आणि बोल लागला शेडला. मावशींनी फळ बघितलं तेव्हाच ओळखलं होतं. मी नंतर विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "माका कोणी इचारूकच नाय."

मालकाला मी म्हटलं, घरी जाऊन माफी मागा. तर म्हणे, "एवढं कोण धरून बसतं?" सगळेच धरून बसतात हो. बोललेलं वाऱ्यावर जातं, पण ग्रुपवर लिहिलेलं चारदा वाचलं जातं आणि नवऱ्याला, सुनेला दाखवलंही जातं.

यावर माझा उपाय साधा आहे. बिघडलेली वस्तू हातात घ्या, त्या माणसाला बाजूला बोलवा आणि आधी विचारा, "मावशी, हे भरताना फळ कसं होतं?" आरोप नंतर करा, करावासा वाटलाच तर. त्याच दिवशी बोला. आठवडाभर मनात ठेवून शनिवारी पगाराच्या वेळी काढू नका. आणि "गेल्या वर्षीपण तू असंच..." हे वाक्य तोंडात आलं तर गिळून टाका. चौघांत अपमान केला असेल, तर माफीही चौघांतच मागायची. एकट्यात मागितलेली माफी अर्धीच.

"कळलं ना?" विचारून निघून जाणं

देवाला गाऱ्हाणं घालताना गावकर बोलतो आणि बाकीचे "व्हय महाराजा" म्हणतात. देवळात ते ठीक आहे. तुमच्या सकाळच्या मीटिंगमध्येही तेच चाललेलं असतं, फक्त तुम्हाला वाटतं की सगळ्यांना पटलं.

तारकर्लीकडच्या एका होमस्टेच्या मालकाने स्कूटर चालवता चालवता स्वयंपाकाच्या पोराला फोन केला, "उद्या जैन पाहुणे आहेत, बघून कर." पोरगा "हो" म्हणाला. ते "हो" फोन संपवण्यासाठी होतं. त्याने कांदा-लसूण टाळला, बटाट्याची भाजी मात्र केली आणि भाकऱ्या भाजल्या त्या सुरमईच्या तव्यावर. पाहुणे दुपारीच निघून गेले. मग आरडाओरडा. पण पोराला कंदमुळं चालत नाहीत हे सांगितलं कुणी?

"कळलं का?" हा प्रश्नच विचारू नका, त्याला "नाही" असं उत्तर कुणी देत नाही. त्याऐवजी, "आता तू मला सांग, उद्या काय काय करणार?" तो सांगायला लागला की भोक कुठे आहे ते आपोआप दिसतं. आणि महत्त्वाचं काही स्कूटरवरून सांगायचं नाही, एवढं तरी पाळा.

दर एकाचा, ओरडा दुसऱ्याचा

काजू कारखान्यात हे हमखास. बी फोडणाऱ्या बाईला मजुरी किलोवर, आणि मालक दिवसभर ओरडतो तुकड्यांवरून. अख्ख्या गराला भाव असतो हे खरंच. डब्ल्यू ३२० ही प्रत म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर. तुकडा आणि पाकळी त्याखाली, वेगळ्या भावात. पण ज्या बाईला वजनावर पैसे मिळतात, ती हात सावकाश का चालवेल? तीच कथा हातमोज्यांची. टरफलातल्या तेलाने बोटं भाजतात, तरी मोजे पडून राहतात, कारण मोजे घातले की वेग कमी होतो आणि मजुरी बुडते. "बायका ऐकतच नाहीत" असं म्हणण्याआधी त्यांच्या शेजारी पाटावर बसून तासभर बी फोडून बघा. दराची मांडणी चुकलेली असताना गोड बोलून किंवा ओरडून काहीही होत नाही. अख्ख्या गरावर थोडा जादा दर ठेवा, मग बोला.

काही बारीकसारीक, पण दर हंगामात बघतो त्या:

मोबाइलवर बघितलेली युक्ती: आधी कौतुक, मग चूक, शेवटी परत कौतुक. आमच्याकडे ती पहिल्याच दिवशी फसते. "मालक गोड बोलूक लागलो, म्हणजे कायतरी असा." कौतुक करायचं तर मोकळं करा आणि नेमकं करा. "काल वळीव येताना न सांगता काजूवर ताडपत्री ओढलीस, म्हणून बी वाचली." नुसतं "मस्त काम" म्हणजे काहीच नाही.

गणपती आणि शिमग्याच्या रजेवर ऐनवेळी वाद. दोन्ही सण कॅलेंडरमध्ये छापलेले असतात. महिनाभर आधी बसा, कोण कधी जाणार ते त्यांनाच ठरवू द्या.

बागेतल्या नेपाळी राखणदाराला कुठल्याच बोलण्यात न घेणं. रात्री बागेत तोच असतो, वानर कुठून शिरतात तेही त्यालाच माहीत असतं.

"आपण सगळे एका घरातलेच" असं म्हणून जादा तास फुकट घेणं. घरातल्यांनाही नफ्यात वाटा असतो.

बाईमाणसाने कुणाच्या वागणुकीबद्दल तक्रार केली, तर ती समजूत घालून मिटवू नका. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने तुमच्याकडे अंतर्गत समिती असायलाच हवी. काजूच्या शेडमध्ये बहुतेक बायकाच असतात, तरी मालकाला ती समिती माहीतही नसते.

एका शेडला दोन मालक

मुंबईची नोकरी सोडून आलेला मुलगा सकाळी एक सांगतो, दहा वाजता बाबा येऊन दुसरंच सांगतात. कामगार दोघांनाही "हो" म्हणतात आणि तिसरंच करतात. या मुलांबद्दल मला आपुलकी आहे, पण त्यांना धीर म्हणून नाही. पहिल्याच महिन्यात फळ्यावर नियम लिहितात आणि पंधरा वर्षं झाडावर चढणाऱ्या दादाला "प्रोसेस" शिकवतात. अरे, एक हंगाम नुसता बघ ना. बाबांना मात्र कामगारांसमोर खोडून काढायचं नाही आणि बाबांनीही मुलाला नाही. भांडण असेल ते रात्री जेवताना करा, सकाळी शेडमध्ये एकच शब्द गेला पाहिजे.

उचल आणि वाटणी तोंडी ठेवणं

बोटीवरची बहुतेक भांडणं ही बोलण्याची वाटतात, असतात हिशेबाची. हंगामाआधी खलाशाला उचल दिली जाते, पुढे डिझेल, बर्फ, राशन वजा जाऊन वाटणी होते, आणि किती वजा गेलं ते फक्त मालकालाच माहीत असतं. मग तांडेल (बोटीवरचा प्रमुख) काहीही चांगलं बोलला तरी संशय राहतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोट वर ओढल्यावर माणसं गावाला निघायच्या आत सगळ्यांना बसवून बिलं समोर ठेवा, प्रत्येकाची उचल त्याच्या वहीतही लिहून द्या आणि सही घ्या. बिलं नसतील तर पुढच्या हंगामापासून ठेवायला लागा, बर्फवाला मागितलं की देतो.