सहा ओळींच्या कवितेचं चित्रपुस्तक करताना

लहान मुलांच्या कवितांना चित्रं काढणं हा माझा बऱ्याच वर्षांचा उद्योग. ‘मलाही असं एक पुस्तक करायचंय’ म्हणत कुणी आलं की मी चित्रांची वही मागत नाही. कविता दाखवा म्हणते. दहातल्या आठ कवितांमध्ये फूल असतं, पाखरू असतं, चांदणं असतं, आणि घडत काहीच नसतं. अशा कवितेला चित्रं काढली की पुस्तक होत नाही, भिंतीवरचा तक्ता होतो. हे फूल, हे पाखरू, हा चांदोबा. मूल दोन पानं बघतं आणि उठून जातं.

तेव्हा कविता निवडताना, किंवा स्वतः लिहिताना, आधी क्रियापदं शोधा. उदाहरणापुरती मी माझीच एक घेते. थोर नाही, पण तिच्यात एक मांजर उडी मारतं.

ढग खिडकीशी येउन बसला
पडदा ओढुन गुपचुप हसला
मांजर म्हणते, ‘मऊ उशी ही!’
टुणकन उडले... उशीच नाही!
भिजले डोके, भिजले शेपुट
मांजर करते नुसती पुटपुट

सहा ओळी. बसणं, हसणं, म्हणणं, उडणं, भिजणं, पुटपुटणं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला एवढं भरपूर होतं.

आता मात्रा. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, हे शाळेत शिकलेलं असतं. वरच्या प्रत्येक ओळीत सोळा भरतात आणि त्या चार-चारच्या गटांत पडतात. म्हणजे एका ओळीला चार टाळ्या: ढगखिड, कीशी, येउन, बसला. टाळी शब्दाच्या मधोमध पडली तरी बिघडत नाही, ओळ डुलत राहते. मोजण्यापेक्षा मांडीवर थाप मारत मोठ्यांदा म्हणून बघा, चुकलेली जागा हातालाच कळते. वाचणारा आजोबा असो की दमून आलेली आई, ओळीनं त्यांना ओढून न्यायला हवं. ‘इथे जरा भरभर म्हणायचं’ असं सांगावं लागलं तर ओळ अजून कच्ची आहे.

एक सावधगिरी. ‘येउन’, ‘ओढुन’, ‘शेपुट’ हे मी मुद्दाम ऱ्हस्व लिहिलेत. गद्यात ‘येऊन’, ‘ओढून’, ‘शेपूट’ असंच हवं, पण तसं केलं की प्रत्येक ठिकाणी एक मात्रा वाढते आणि ओळ लंगडते. एकदा एका भल्या मुद्रितशोधकानं माझ्या आख्ख्या पुस्तकातले असे सगळे उकार ‘सुधारले’, आणि मला ते कळलं छापलेली प्रत हातात आल्यावर. माणूस त्याच्या जागी बरोबरच होता. तेव्हापासून हस्तलिखिताच्या पहिल्याच पानावर मी लाल पेनानं लिहिते: वृत्तासाठी ऱ्हस्व ठेवले आहेत, बदलू नयेत.

कविता पक्की झाली की लगेच रंग काढू नका. चार कोरे कागद घ्या, एकात एक ठेवून मधोमध दुमडा, घडीवर दोन पिना मारा. झाली सोळा पानांची डमी. छापखान्यात सोळा पानांचा फर्मा (एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडायची पानं) धरतात, आणि मधे पिना मारायच्या पुस्तकाची पानं चारच्या पटीतच वाढतात. त्यामुळे ‘चौदा पानं करू या का?’ हा प्रश्न निघत नाही. मुखपृष्ठाचा जाड कागद वेगळा.

माझ्या डमीत पान १ वर फक्त नाव. पान २-३ वर शब्द नाहीत, रिकामी खिडकी आणि पाठमोरं मांजर. पुढे ४-५ वर पहिली ओळ, ६-७ वर दुसरी, ८-९ वर ‘मऊ उशी ही!’ मग चौथी ओळ मी मधूनच तोडली आहे: १०-११ वर नुसतं ‘टुणकन उडले...’ आणि पान उलटल्यावर १२-१३ वर ‘उशीच नाही!’ शेवटच्या दोन ओळी १४-१५ वर एकत्र. पान १६ पुन्हा बिनशब्दांचं.

ही तोड म्हणजे सगळ्या पुस्तकाची किल्ली आहे. कवितेत तीन टिंबं आहेत, पुस्तकात त्या टिंबांच्या जागी पान उलटणं येतं. मूल श्वास धरून असतं, आणि वाचणाऱ्यानं पानाचा कोपरा नुसता चिमटीत धरून ठेवला तरी ते ‘उलट ना!’ म्हणून ओरडतं. ही गंमत एका पुस्तकात एकदाच करावी. प्रत्येक ओळ अशी तोडली की मुलं कंटाळतात आणि ताल पार मोडतो, कारण पान उलटण्यात दोन-तीन टाळ्यांचा वेळ जातोच. म्हणून यमकाची जोडी शक्यतो फार लांब जाऊ देऊ नका. ‘ही’ ऐकल्यावर ‘नाही’ येईपर्यंत मुलाच्या कानात ‘ही’ शिल्लक राहायला हवं.

८-९ हे मधलं जोडपान. पिना मारलेल्या सोळा पानी पुस्तकात डावं आणि उजवं पान एकाच सलग कागदाचं असतं ते फक्त इथे. बाकी सगळ्या जोडपानांत दोन वेगळे कागद शेजारी येतात, त्यामुळे रेघ केसभर सरकते, कधी रंगाची छटाही फरकानं येते. म्हणून आडवा पसरलेला, उशीसारखा फुगलेला ढग मी बरोबर इथे आणला. इतर जोडपानांवर मांजराचं तोंड कधीही मधल्या घडीत येऊ देऊ नका. घडी नाक गिळते.

आता खरा प्रश्न, काढायचं काय? नवखा माणूस ओळीत जे आहे तेच काढतो. ‘ढग खिडकीशी येउन बसला’ म्हटलं की खिडकी आणि ढग. बरोबर आहे, पण ते कानानं आधीच ऐकलंय. रँडॉल्फ कॅल्डेकॉट या इंग्रज चित्रकारानं १८८२ साली एका इवल्याशा इंग्रजी बडबडगीताला चित्रं काढली. गीत संपतं ते ताटली चमच्याबरोबर पळून जाते तिथे. यानं पुढे आणखी एक चित्र जोडलं, त्याखाली एक शब्द नाही: ताटलीचे तुकडे होऊन पडलेत आणि चमच्याला काटा आणि सुरी दोन्ही बाजूंनी धरून घरी नेताहेत. गीतात यातलं काही नाही. चित्र बघितल्यावर मात्र ते गीत पुन्हा नुसतं हसत म्हणता येत नाही. तेवढं धारदार आपल्याला जमेलच असं नाही, पण ओळीत नसलेलं काहीतरी प्रत्येक पानावर हवं. माझ्या ४-५ पानांवर ओळ ढगाची आहे, चित्रात मात्र मांजर स्वतःची जुनी, चपटी झालेली उशी पायानं ढकलतंय. पुढे त्याला नवी उशी का हवीशी वाटली, ते शब्दांनी सांगायची गरजच उरली नाही.

आणि चित्रानं न सांगितलेलंही मूल वाचतं, हे मी याच पुस्तकात शिकले. पहिल्या डमीत १२-१३ वर मी मांजर हवेत काढलं, चार पाय फाकलेले, खाली नुसतं निळं आकाश. मला ते फार आवडलं होतं. भाचीच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला दाखवलं, तर तिनं पुढचं पान उलटूच दिलं नाही. हात ठेवून बसली. ‘ते पडलं. मेलं का?’ कवितेत खिडकी किती उंचावर आहे ते कुठेच नाही. तो निर्णय चित्राचा होता आणि मी तो घेतलाच नव्हता. मग खिडकी तळमजल्यावर आणली, तिच्या खाली पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवलं, आणि ते घमेलं पान २-३ पासूनच एका कोपऱ्यात दिसेल असं बघितलं. यामुळे ‘भिजले डोके’चं कारणही मिळालं. आता मोठी मुलं उडीच्या आधीच घमेल्यावर बोट ठेवतात.

मांजर एकच असलं पाहिजे, हे सांगायला नको असं वाटतं, पण सांगते. एका कागदावर ते समोरून, बाजूनं, पाठमोरं, झोपलेलं, ओलं असं वीसेक वेळा काढून भिंतीला लावा. कुठला कान काळा, शेपटीवर पट्टे किती, तिथेच बघायचं. संगणकावर चित्र आरशातल्यासारखं उलटं करताना तर नक्कीच, कारण डाव्याचा उजवा कान होतो. मोठ्यांना कळत नाही. मुलांना कळतं, आणि मग ती ‘हे दुसरं मांजर’ म्हणून वेगळीच गोष्ट सुरू करतात.

रंगांबद्दल माझं मत एकांगी आहे: तीन मुख्य रंग पुरतात. खिडकीबाहेर निळसर करडा, घरात पिवळा, मांजर काळं-पांढरं. तुम्हाला जास्त हवे तर घ्या. फक्त संगणकाच्या पडद्यावरचा चकचकीत निळा छपाईत तसाच येईल या भ्रमात राहू नका. छपाईच्या चार शायांत (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) तो मळतो, कधी जांभळ्याकडे झुकतो. फार फिकट छटांचं उलटं, त्या कागदातच विरघळतात. माझ्या एका प्रूफमध्ये ढगच गायब होता, राहिली होती फक्त त्याच्या हसऱ्या तोंडाची चंद्रकोर. कड थोडी गडद करावी लागली. प्रूफ कागदावर बघा, तेही दिवसाच्या उजेडात.

बाकीची मापं थोडक्यात. चित्र छापायच्या आकारात ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) हवं. रंग कडेपर्यंत न्यायचा असेल तर पानाबाहेर चारी बाजूंना ३ मिमी जास्तीचा काढा, कटिंगमध्ये तो जातो. अक्षरं मात्र कडेपासून किमान १० मिमी आत. मजकूर नुसत्या काळ्या शाईत ठेवा. चार शाया मिसळून काळा केला, तर त्या एकमेकींवर जराही सरकल्या की अक्षराला रंगीत भूत चिकटतं.

देवनागरी अक्षरांचं मात्र थोडक्यात भागत नाही. वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, म्हणून दोन ओळींत जागा सढळ सोडावी लागते. मी अक्षर २४ पॉइंटचं घेते आणि ओळीचं अंतर ३६ च्या आसपास. फॉन्टची जाडी मध्यम, शिरोरेषा स्पष्ट. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का ते बघा. काही फॉन्टमध्ये ती वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडली तरच उमटतात. आणि एक चूक जवळपास सगळेच करतात. ओळ चित्रातल्या एखाद्या आडव्या रेघेला लागून ठेवतात. खिडकीची चौकट, दोरी, टेबलाची कड. शिरोरेषा त्या रेघेत मिसळते आणि नुकतं अक्षर ओळखू लागलेल्या मुलाला शब्द कुठे सुरू होतो तेच समजत नाही. ओळीला मोकळं आभाळ द्या. ते चित्र काढण्याआधीच ठरवायचं, नंतर ढगावर पांढरी पट्टी चिकटवायची नाही.

पेन्सिलची डमी तयार झाली की दोन प्रकारे वाचून बघा. एकदा मूल मांडीवर घेऊन, एकदा आठ-दहा मुलांसमोर पुस्तक हातात उभं धरून. मांडीवर बारीकसारीक सापडतं, समोर बसलेल्यांना फक्त मोठे आकार दिसतात. दोन्हीकडे मांजर ओळखू आलं पाहिजे. ‘आवडलं का?’ विचारू नका, मुलं ‘हो’ म्हणून मोकळी होतात. बोट कुठे जातंय ते बघा, कुठल्या पानावरून मागे जातात ते बघा, दुसऱ्या वाचनाला कुठला शब्द तुमच्याआधी म्हणतात ते टिपून ठेवा. माझ्या डमीत तो शब्द ‘पुटपुट’ निघाला. मी तो चित्रात सगळ्यात लहान ठेवला होता, तो मोठा केला.

सोळाव्या पानाचं काय करायचं, यावर मी तीनदा मत बदललं. आधी मांजर टॉवेलमध्ये गुंडाळून झोपलेलं होतं. गोड, आणि निर्जीव चित्र. मग खिडकीत इंद्रधनुष्य काढलं, त्याची मलाच लाज वाटली. शेवटी पुन्हा पान २-३ ची खिडकी काढली, बंद. आत मांजर त्याच जुन्या चपट्या उशीवर ओल्या पाठीनं बसलेलं, आणि दाराच्या फटीतून आत येत असलेला करड्या ढगाचा एवढासा तुकडा. मांजराला तो दिसलेला नाही.