जुन्या घरातले उंदीर: आधी फटी शोधा, मग सापळे लावा

जुन्या घरात महिन्याला दोन-चार उंदीर सापळ्यात सापडतात आणि तरीही रात्रीची खुडबुड थांबत नाही. कारण साधं आहे: वाट उघडीच राहिलेली असते. लहान घरउंदीर जेमतेम ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतो. ज्या भोकात पेन्सिल शिरते, ते भोक त्याला पुरतं. मादीचा गर्भकाळ साधारण तीन आठवड्यांचा, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः विण्याइतकी मोठी होतात. म्हणून एक जरी दिसला तरी काम आजच सुरू करावं.

आधी आलंय कोण ते ओळखा. घरउंदराच्या लेंड्या ३ ते ६ मिलिमीटर लांब, बारीक आणि टोकदार असतात. त्याहून बऱ्याच मोठ्या दिसल्या तर मोठा उंदीर किंवा घूस समजा. त्यांना सापळेही मोठे लागतात. लांब नाकाची, उग्र वास सोडणारी चिचुंद्री मात्र उंदरांच्या कुळातली नाहीच. ती मुख्यतः किडे खाते. तिला मारू नका, दार उघडून बाहेर जाऊ द्या.

मग त्यांचे रस्ते शोधा. उंदीर खोलीच्या मधून सहसा जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. नेहमीच्या वाटेवर त्यामुळे काळपट, तेलकट डाग पडतात. शंका असेल तिथे रात्री टाल्कम पावडरचा पातळ थर पसरा, सकाळी पावलं दिसतील. ही युक्ती मला फार आवडते, कारण अंदाज संपतो आणि सापळा कुठे ठेवायचा ते उंदीरच सांगतो.

आता खरी मेहनत, म्हणजे फटी. यासाठी एक पूर्ण दिवस काढा. हातात पेन्सिल आणि टॉर्च घ्या, घराभोवती बाहेरून सावकाश फिरा. नळाचे आणि सांडपाण्याचे पाइप भिंतीत शिरतात ती जागा, बंद पडलेल्या जुन्या जोडण्यांची उघडी भोकं, वायरी आत येतात तो कोपरा, दाराखालची फट, निखळलेले दर्जे (दगड-विटांमधले सांधे), छप्पर भिंतीवर टेकतं ती कड. वरचा भाग सोडू नका, खडबडीत भिंत उंदीर सहज चढतो. दिवसा खोली बंद करून अंधार केला तर दाराखालून आणि भिंतीतून येणारा उजेडही बरंच दाखवून देतो.

भोक बुजवताना कापूस, चिंधी, लाकडाची खपली किंवा नुसता फोम वापरू नका. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि असल्या वस्तू तो सहज कुरतडतो. न गंजणाऱ्या तारेचा काथ्या भोकात घट्ट कोंबा आणि वरून गिलावा करा. भिंत चुन्याची असेल तर गिलावाही चुन्याचाच हवा. कडक सिमेंटमुळे ओल आत कोंडते आणि शेजारचा चुना भुसभुशीत होऊन काही काळाने नवी फट पडते. हवा खेळण्यासाठी ठेवलेले झरोके बुजवायचे नाहीत. त्यांना ६ मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची धातूची जाळी ठोका. दाराखाली धातूची पट्टी लावा.

क्रम मात्र चुकवू नका. बाहेरच्या फटी बंद केल्या की त्याच दिवशी आत सापळे लावा. आतली भोकं तूर्त उघडी राहू द्या, नाहीतर उंदीर भिंतीत कोंडतील. सापळे आठवडाभर रिकामे राहिले की मग तीही बुजवा.

सापळा एकच ठेवून वाट पाहण्यात अर्थ नाही. घरउंदीर आपल्या घरट्यापासून फार लांब जात नाही, बहुतेक वेळा दहा मीटरच्या आतच फिरतो. म्हणून त्याच्या वाटेवर दर दोन-तीन मीटरवर एक, असे बरेच सापळे एकाच रात्री लावा. चापाचा सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे करून ठेवायचा. आमिष म्हणून वाटाण्याएवढं शेंगदाण्याचं कूट पुरे. ते किंचित तेलात मळून चिकटवा, म्हणजे अलगद उचलून नेता येत नाही. घरट्यासाठी सामान शोधणाऱ्या मादीला कापसाचा बोळाही ओढून आणतो. लहान मुलं आणि पाळीव प्राणी पोहोचतील तिथे चाप ठेवू नका. जिवंत पकडणारा पिंजरा वापरत असाल तर सकाळ-संध्याकाळ बघा. चिकट पाट्या मात्र वापरूच नयेत. त्यावर जीव तासन्‌तास तडफडतो.

विषाच्याही मी विरोधात आहे. आमच्या जुन्या घरात एकदा विष ठेवलं होतं. उंदीर भिंतीच्या पोकळीत मेला आणि कितीतरी दिवस त्या खोलीत बसवेना. शिवाय विष खाल्लेला उंदीर घुबडानं किंवा मांजरानं खाल्ला तर विष त्यांच्याही पोटात जातं. आवाजाच्या यंत्रांवरही पैसे घालवू नका, उंदरांना त्या आवाजाची सवय होते.

याच दिवसांत धान्य, पीठ, पाळीव प्राण्यांचं खाणं असं सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत किंवा बरण्यांत ठेवा. उंदराला दिवसाला तीनेक ग्रॅम अन्न पुरतं, म्हणजे शेगडीखाली सांडलेला चुराही त्याचं जेवण होतो.

लेंड्या कोरड्या झाडू नका. त्या धुळीतून आणि मुतातून आजार पसरू शकतात. आधी अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवा. हातमोजे घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी मिसळून जागा भिजवा, पाच मिनिटं थांबा, मग कागदानं पुसून पिशवीत बांधून टाका. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही सफाईचं द्रव्य मिसळू नका, विषारी वायू होतो. कुरतडलेली वायर दिसली तर मुख्य स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा, तिथून आग लागू शकते.

जुनी भिंत ऋतू बदलला की हलते, तडकते. म्हणून दर ऋतूच्या सुरुवातीला पेन्सिल घेऊन घराभोवती पुन्हा एक फेरी मारा.