टळटळीत उन्हात जीपीएसची स्क्रीन कशी वाचावी

भर दुपारी जीपीएस बाहेर काढलं की बहुतेक जण एकाच क्रमाने तीन गोष्टी करतात. डोळे किलकिले करतात, ब्राइटनेस टोकाला नेतात आणि तळहाताचा आडोसा धरतात. फोनवर यातून थोडंफार साधतं. पण हातात धरायचं खास जीपीएस यंत्र असेल, तर तो आडोसाच नकाशा पुसून टाकतो आणि वाढवलेला ब्राइटनेस फक्त बॅटरी खातो. म्हणून सुरुवात आपल्या हातातल्या स्क्रीनची जात ओळखण्यापासून करायची.

१. बॅकलाइट बंद करून उन्हात या

बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, शून्यावर आणा आणि यंत्र उन्हात धरा. नकाशा तरीही स्वच्छ दिसला, तर स्क्रीन ट्रान्सफ्लेक्टिव्ह आहे. गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्ससारख्या यंत्रांत हीच असते. हिच्या द्रवस्फटिकांच्या थरामागे अर्धवट आरशासारखा एक थर असतो. ऊन आत शिरतं, त्या थरावर आदळून परत येतं आणि येताना चित्र घेऊन येतं. म्हणजे ऊन हाच हिचा दिवा. घरात ही स्क्रीन मळकट, फिकी दिसते ती याच कारणाने. नवीन यंत्र घेताना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निकाल देऊ नका, दोन मिनिटं बाहेर नेऊन बघा.

फोनची गोष्ट उलटी. त्याला स्वतःच्या प्रकाशाने उन्हाशी झुंजायचं असतं, आणि ही झुंज विषम आहे. ऑफिसात साधारण ३०० ते ५०० लक्स (पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, थेट उन्हात सुमारे १ लाख लक्स. साध्या काचेचा पृष्ठभाग समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जवळपास ४ टक्के परत फेकतो, तिरप्या कोनात त्याहून जास्त. थेट ऊन पडलेलं पांढरं कापड सुमारे २५,००० निट (पृष्ठभाग किती उजळ दिसतो ते मोजायचं एकक) इतकं उजळू शकतं. त्याचे ४ टक्के म्हणजे १,००० निट. कित्येक फोनांची सगळी ताकद तेवढीच असते. स्क्रीनवर जे पांढुरकं धुकं दिसतं, ते पुष्कळदा आपल्याच शर्टाचं प्रतिबिंब असतं. गडद रंगाचा शर्ट घातला की फरक लगेच जाणवतो.

२. नकाशा नको, आधी आरसा पाहा

स्क्रीन दिसत नसेल तेव्हा क्षणभर नकाशा विसरा आणि तिच्यात कशाचं प्रतिबिंब पडलंय ते बघा. आकाश दिसतंय? ढग? मग मनगट थोडं थोडं वळवत जा, जोवर तिथे काहीतरी काळपट येत नाही: झाड, खडक, आपला गडद सदरा, टोपीच्या कडेची खालची बाजू. हे एकदा हाताला वळण पडलं की विचार करावा लागत नाही. माझ्या मते या लेखातलं सगळ्यात उपयोगी काम हेच, आणि त्याला पैसाही लागत नाही.

ट्रान्सफ्लेक्टिव्ह स्क्रीनला आणखी एक अट आहे. तिच्यावर ऊन पडलंच पाहिजे. सकाळ-संध्याकाळ सूर्य खांद्यामागे घ्या, अगदी पाठीमागे नको, नाहीतर आपलीच सावली यंत्रावर पडते. खांद्यावरून तिरपं ऊन आलं पाहिजे. दुपारी सूर्य डोक्यावर असताना यंत्र पोटाशी आडवं धरून वाकून बघितलं, तर डोक्याची सावली पडते. त्याऐवजी हात थोडा लांब करा आणि स्क्रीन नजरेला काटकोनात उभारा. वरून ऊन तिरकं पडेल आणि प्रतिबिंबात आकाशाऐवजी तुमचा चेहरा आणि टोपी येईल. टोपी रुंद कडेची आणि आतून गडद असेल तर उत्तम.

फोन असेल तर उलट करा. सूर्याकडे पाठ करून फोन खुशाल आपल्या सावलीत घ्या. फक्त वरच्या कडेजवळचा प्रकाश मोजणारा सेन्सर बोटाने झाकू नका. त्याला वाटतं अंधार झाला, आणि तो स्क्रीन आणखी मंद करतो.

३. गॉगल तपासा

एकदा चढावर माझं यंत्र अचानक काळंठिक्कर पडलं. सेल बदलले, बटणं दाबली, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. शेवटी घाम पुसायला गॉगल काढला, तर नकाशा जसाच्या तसा समोर! एलसीडीतून, म्हणजे द्रवस्फटिकांच्या स्क्रीनमधून, येणारा प्रकाश एकाच दिशेने कंप पावणारा, म्हणजे पोलराइज्ड असतो. पोलराइज्ड गॉगल ठरावीक दिशेचाच प्रकाश आत सोडतो. दोन्ही दिशा काटकोनात आल्या की स्क्रीन काळी.

निघण्यापूर्वी गॉगल घालून यंत्र उभं धरा, मग हळूहळू आडवं फिरवा. कुठे अंधारतं ते लक्षात ठेवा. सायकलच्या हँडलवर किंवा बोटीवर यंत्र पक्कं बसवणार असाल, तर ही चाचणी बसवण्याआधी करा. नंतर मान वाकडी करून वाचावं लागतं. नकाशा वारंवार बघायचा असेल तर साधा, पोलराइज्ड नसलेला गॉगल बरा.

४. बॅकलाइट कधी लावायचा

ट्रान्सफ्लेक्टिव्ह यंत्रात, थेट उन्हात: कधीच नाही. तिथे बॅकलाइटचा उजेड उन्हात हरवून जातो. तो लागतो विरळ सावलीत. झाडांखालची वाट ही खरी अडचणीची जागा, कारण डोळे अजून उन्हाला सरावलेले असतात आणि स्क्रीनला पुरेसं ऊन मिळत नाही. अशा वेळी बॅकलाइट लावा, किंवा दोन पावलं बाजूला होऊन एखाद्या कवडशात उभे राहा. मी कवडसाच शोधतो. बॅकलाइट आपोआप विझण्याची वेळ १५ ते ३० सेकंद ठेवली की सेल टिकतात.

५. नकाशावरची गर्दी कमी करा

हे काम सावलीत बसून, आदल्या दिवशी करायचं. डोंगरउतारांच्या छायेचं रंगकाम, म्हणजे शेडेड रिलीफ, आधी बंद करा. कागदावर ते सुंदर दिसतं, उन्हात मात्र सगळ्या नकाशावर करडी कळा आणतं. नकाशाचा तपशील एक पायरी कमी, अक्षरं मोठी, डिस्प्ले दिवसाच्या मोडवर. ट्रॅकचा, म्हणजे नकाशावरच्या आपल्या वाटेच्या रेघेचा, रंग काळा, गडद लाल किंवा जांभळा निवडा. पिवळा आणि आकाशी उन्हात गायब होतात. नकाशाच्या पानावर आकड्यांचे चार रकाने असतील तर दोनच ठेवा: पुढच्या ठिकाणापर्यंतचं अंतर आणि दिशा. बाकीचे आकडे वेगळ्या पानावर न्या. कृष्णधवल स्क्रीन असेल तर कॉन्ट्रास्ट उन्हातच उभं राहून जुळवा, घरात जुळवलेला बाहेर चालत नाही.

चाळिशीच्या पुढच्यांसाठी एक दिलासा. लख्ख उजेडात बाहुली आकसते आणि जवळचं थोडं स्पष्ट दिसतं, त्यामुळे बारीक अक्षरं संध्याकाळपेक्षा दुपारी बरी वाचता येतात.

६. काचेवर काय चिकटवलंय?

स्क्रीनवर लावायचा प्रोटेक्टर नीट चिकटलेला नसेल आणि मध्ये हवा राहिली असेल, तर परावर्तन करणारे दोन पृष्ठभाग वाढतात. पाणी न लागणाऱ्या प्लास्टिकच्या पाऊचमध्येही तेच होतं, त्यामुळे पाऊस नसताना यंत्र बाहेर काढा. मॅट फिल्मने आरशासारखी चकाकी जाते, पण थेट उन्हात ती प्रकाश विखुरते आणि सगळीकडे पांढुरका पडदा येतो. सनस्क्रीन लावलेल्या बोटांचे ठसेही हेच करतात. खिशात सुती फडकं असू द्या.

७. फोनच वापरत असाल तर

ऑटो ब्राइटनेस चालू ठेवा. ऐकायला उलटं वाटेल, पण बऱ्याच फोनांत उन्हासाठी राखून ठेवलेला जादा उजेड ऑटो असतानाच मिळतो, हाताने पट्टी शेवटपर्यंत ओढून नाही. डार्क मोड बंद करा. फोन तापला की तो स्वतःहून स्क्रीन मंद करतो, आणि तेव्हा कोणतीही सेटिंग कामाला येत नाही. आयफोनसाठी अॅपलने वापरायचं तापमान ०° ते ३५° सेल्सिअस दिलंय. तेव्हा पाहून झालं की फोन सावलीच्या खिशात टाका, उन्हात लटकवून ठेवू नका.

आणि दर वळणाला बघत राहायची गरजच कमी करता येते. वळणांवर वेपॉइंट, म्हणजे नकाशात जतन केलेल्या जागेची खूण, टाका आणि जवळ आल्यावर वाजेल असा इशारा लावा. यंत्र वाजेल तेव्हाच बाहेर काढा, खांद्यावरून ऊन घ्या, आरसा काळा करा आणि वाचा.