आई फोन उचलत नाही? पोलिसांना कळवताना या चुका टाळा

मुलगा बंगळुरूला किंवा न्यू जर्सीत, आई कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटी आणि सकाळपासून फोन नुसता वाजतोय. पोलिस उशिरा पोचले अशी तक्रार अशा प्रकरणांत हमखास होते, आणि ती कधी कधी खरीही असते. पण निम्मा उशीर पोलिसांना कळवण्याआधीच झालेला असतो.

"संध्याकाळपर्यंत वाट बघू"

पडलेलं वयस्क माणूस तासाभराहून जास्त वेळ जमिनीवर राहिलं की अंगातलं पाणी कमी होतं, दबलेल्या स्नायूंमुळे किडनीवर ताण येतो. 24 तास उलटल्याशिवाय पोलिस ऐकत नाहीत, हा गैरसमज. बेपत्ता माणसाच्या तक्रारीलाही तशी अट नाही. इथे तर माणूस घरातच आहे.

चुकीचा नंबर

युरोपातून 112 लावलात तर तिथलेच पोलिस बोलतील. बंगळुरूहून लावलात तर कर्नाटकचा नियंत्रण कक्ष. त्यामुळे आईच्या हद्दीतल्या पोलिस ठाण्याचा लँडलाइन नंबर एसटीडी कोडसकट आधीच लिहून ठेवा, किंवा शेजाऱ्यांनाच तिथून 112 लावायला सांगा. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन चांगली आहे, पण ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते आणि तातडीच्या मदतीसाठी नाही.

"जरा कुणाला तरी पाठवा ना"

एवढ्यावर ठाणे अंमलदार काय करणार? त्याच्यापुढे भांडणं, अपघात, बंदोबस्त असं सगळं एकाच वेळी असतं, आणि मोघम निरोप आपोआप खाली सरकतो. त्याऐवजी असं सांगा: वय 78, एकट्या राहतात, इन्सुलिन घेतात, काल रात्री नऊला शेवटचं बोलणं झालं, आजची दुधाची पिशवी दारातच आहे, आतून टीव्ही ऐकू येतोय. मजला, फ्लॅट नंबर, सेक्रेटरींचा मोबाइलही द्या. दुधाची पिशवी आणि टीव्ही हे तपशील ऐकणाऱ्याला खुर्चीतून उठवतात. डायरीत नोंद झाली का आणि कोण निघालंय, हे विचारायला संकोचू नका.

बेल वाजवून परत जाणं

ही चूक मात्र पोलिसांकडून होते. बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलिस, येतात, बेल वाजवतात, "घर बंद आहे" असं कळवून निघून जातात. बंद दार म्हणजे तपासणी झाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. कुलूप बाहेरून आहे की आतून कडी, वॉचमनने आईला बाहेर जाताना पाहिलं का, कामवाल्या मावशींना दार उघडलं गेलं का, आतला फोन वाजतोय का, इतकं तरी विचारायलाच हवं. रात्रपाळीचा निरोप दिवसपाळीला न पोचणं हेही नेहमीचंच. म्हणून ड्यूटी बदलण्याच्या वेळी पुन्हा फोन करा. तरी हालचाल नसेल तर वरिष्ठ निरीक्षकांशी बोला.

महाराष्ट्राच्या 2010 च्या नियमांनुसार प्रत्येक ठाण्याने हद्दीतल्या एकट्या ज्येष्ठांची यादी ठेवायची आणि महिन्यातून किमान एकदा त्यांना भेटायचं आहे. भेटी होतात किती, हा वेगळा विषय. पण नाव यादीत असलं, तर घर, आजार आणि नातेवाइकांचे नंबर ऐनवेळी शोधावे लागत नाहीत. पुढच्या सुट्टीत आलात की ठाण्यात जाऊन आईचं नाव स्वतः नोंदवा.

दार तोडायची भीती

सोसायटीवाले इथेच अडतात: उद्या आमच्यावर ठपका आला तर? कुणाचा जीव वाचवायला सद्हेतूने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 30 चं संरक्षण आहे. तरीही पोलिसांसमोर, दोन पंचांना उभं करून, मोबाइलवर चित्रण करत उघडलेलं बरं. अग्निशमन दलाला 101 वर बोलावता येतं; दार उघडायची अवजारं त्यांच्याकडे असतात.

शेजाऱ्यांकडे किल्लीचा जोड ठेवणारे बरेच असतात, पण आई रात्री आतून कडी लावत असेल तर तो जोड बिनकामाचा. कडी काढून बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच बसवून घ्या.