जुनी लष्करी पिस्तूल होल्स्टर जमवताना या चुका टाळा

होल्स्टर, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला अडकवायचे पिस्तुलाचे कवच, हातात आले की बहुतेक संग्राहक आधी पुढचे झाकण निरखतात, कारण चकाकी आणि रुबाब तेथेच असतो. वस्तूची खरी ओळख सांगणारा मजकूर मात्र बहुधा पाठीमागे, पट्टा ओवण्याच्या पट्ट्यांजवळ, किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. मागची बाजू न पाहता केलेली खरेदी ही या छंदातील सर्वांत महागडी चूक होय.

ल्यूगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जर्मन पी 08 पिस्तुलाचे कडक कातड्याचे होल्स्टर घेऊ. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बनलेल्या नगावर कारखान्याचे नाव, गाव, वर्ष आणि वाफेनआम्ट या शस्त्रतपासणी खात्याचा छोटा गरुड असे ठसे आढळतात. दुसऱ्या महायुद्धात कारखाने ओळखू येऊ नयेत म्हणून नावांच्या जागी अक्षरी संकेत आले. त्यामुळे 1937 या वर्षाशेजारी तीन अक्षरांचा युद्धकालीन संकेत दिसला, तर दोहोंपैकी एक ठसा मागाहून मारलेला आहे असे खुशाल समजावे. युद्धोत्तर पोलिसी होल्स्टरांवर गरुड उमटवून ती युद्धातली म्हणून खपवण्याचा उद्योगही चालतो.

मी स्वतः अशा एका गरुडाला भुललो होतो. घरी आणून भिंगाखाली धरल्यावर दिसले की पंखाची रेघ कातड्याच्या जुन्या भेगेत उतरून पलीकडे गेली होती, म्हणजे भेग आधीची आणि ठसा नंतरचा. शिवाय ठशाच्या तळाशी वर्षानुवर्षांचा मळ असायला हवा, तेथे फिकट, कोरे कातडे होते. नव्या, ओलसर कातड्यावर मारलेल्या ठशात तंतू दाबले जातात आणि कडा मऊ राहतात, तर वाळलेल्या जुन्या कातड्यावर कडा तडकतात. भिंग खिशात असूनही ते मी खरेदीनंतर काढले, एवढीच काय ती माझी चूक.

नावातले वर्ष आणि निर्मितीचे वर्ष यांची गल्लतही नेहमीचीच आहे. अमेरिकी एम 1916 होल्स्टर दुसऱ्या महायुद्धातही मोठ्या संख्येने बनत होते; जपानी नांबू टाइप 14 या पिस्तुलाच्या नावातला आकडा तैशो सम्राटाच्या राजवटीचे चौदावे वर्ष, म्हणजे 1925, दाखवतो; आणि ब्रिटिश 1937 पॅटर्नचे कॅनव्हासचे होल्स्टर 1943 चे असू शकते. या आकड्यांवरून नमुना कळतो, नगाचे वय कळत नाही.

उलट, उगाच संशय घेणेही नुकसानीचे ठरते. अमेरिकी सैन्याचे कातडी साहित्य 1950 च्या दशकात तांबूसऐवजी काळे झाले आणि जुने साठे रंगवून वापरले गेले, म्हणून युद्धकालीन ठसा असलेले काळे होल्स्टर बनावटच असते असे नाही. झाकणाच्या आत किंवा शिवणीच्या दुमडीत मूळ तांबूस रंग शोधावा. पिस्तूल आत नीट बसते, एवढ्यावरूनही काही सिद्ध होत नाही. फिनलंडचे लाहती एल-35 आणि त्याच घराण्यातले स्वीडिश एम/40 ही पिस्तुले दिसायला ल्यूगरसारखी असल्याने त्यांची होल्स्टरही घाईत ल्यूगरची म्हणून विकली व घेतली जातात. अतिनील प्रकाशात निळसर चमकणारा धागा आधुनिक असण्याची शक्यता मोठी, पण तो नंतरच्या दुरुस्तीचाही असू शकतो. एका खुणेवरून निकाल देऊ नये.

खरे नुकसान मात्र खरेदीनंतर, प्रेमापोटी होते. कातडे कोरडे दिसले की त्यावर तेल चोपडण्याची हौस आवरत नाही. तेलाने ते काळवंडते, लिबलिबीत होते, धूळ धरते आणि कडक होल्स्टरचा आकार ढळतो, आणि एकदा मुरलेले तेल परत निघत नाही. वनस्पतिज टॅनिनने कमावलेल्या जुन्या कातड्याची हाताला तांबडी भुकटी लागत असेल, तर तंतू आम्लाने कुजलेले असतात आणि तेलाने त्यांची ताकद परत येत नाही. अशा वेळी जतनकार अल्कोहोलमध्ये विरघळवलेले हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज वापरून भुकटी थोपवतात. तेसुद्धा आधी कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी करून पाहावे.

पांढरा थर दिसला की बुरशी समजून ओल्या फडक्याने पुसू नये. कातड्यातली चरबी वर येऊन साचली असेल, तर केस वाळवण्याच्या यंत्राच्या सौम्य ऊबेने ती विरघळते. बुरशी तशीच राहते आणि कुबट वास मारते. पितळी रिव्हेटभोवतीचा हिरवा, मेणचट थर धातू आणि चरबी यांच्या संयोगाने होतो. तो लाकडी टूथपिकने खरवडावा, धातूच्या टोकाने नव्हे.

पिस्तूल होल्स्टरमध्येच ठेवणे ही शेवटची चूक, आणि जोडी एकत्र छान दिसते म्हणून ती जाणती माणसेही करतात. कातडे ओलावा धरून ठेवते, त्यातील आम्ले व क्षार पोलादाला गंज चढवतात आणि बंदुकीचे तेल अस्तरात मुरते. पिस्तूल कायद्याप्रमाणे वेगळे ठेवावे. होल्स्टरमध्ये आम्लविरहित कागदाचे बोळे हलक्या हाताने भरावेत, झाकणाचा खटका न लावता ते सैल सोडावे आणि सुमारे 50 टक्के आर्द्रतेच्या अंधाऱ्या कपाटात, एकावर एक न रचता, आडवे ठेवावे.