बेसबॉलचा बॉक्स स्कोअर कसा वाचायचा
क्रिकेटचं स्कोअरकार्ड वाचता येत असेल तर हे अवघड नाही, फक्त सुरुवात वरच्या लाइन स्कोअरपासून (दर इनिंगचे रन दाखवणाऱ्या ओळींपासून) करा. 8 ऑक्टोबर 1956 ची वर्ल्ड सिरीजची (अमेरिकन बेसबॉलची फायनल मालिका) पाचवी मॅच घ्या, डॉजर्स विरुद्ध यांकीज. डॉजर्सच्या ओळीत नऊ शून्यं, आणि शेवटी आर, एच, ई म्हणजे रन, हिट (फटका मारून बेस गाठणं), एरर (फील्डिंगची चूक), तिथेपण 0-0-0. यांकीजच्या ओळीत चौथ्या आणि सहाव्या इनिंगखाली एकेक रन, शेवटी 2-5-0, आणि नवव्या इनिंगखाली एक्स, कारण घरची टीम पुढे होती मग त्यांना परत बॅटिंग करावीच लागली नाही.

खाली बॅटर्स. एबी म्हणजे अ‍ॅट-बॅट, पण यात वॉक (चार चुकीचे बॉल पडल्यावर फुकट मिळणारा बेस) धरत नाहीत, म्हणून चार वेळा येऊनही एबी 3 दिसू शकतो, नवीन माणूस नेमका इथेच गोंधळतो.

पिचरच्या (म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या) ओळीत आयपी, म्हणजे टाकलेल्या इनिंग, 6.1 दिसलं तर ते दशांश नाही हं, सहा इनिंग आणि एक आउट, आपल्या ओव्हर्ससारखंच (पण तीन आउटला इनिंग संपते, त्यामुळे .2 च्या पुढे जातच नाही).

आता त्याच मॅचमधली यांकीजच्या पिचरची, डॉन लार्सनची ओळ बघा: 9 इनिंग, 0 हिट, 0 वॉक, 7 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक पडून आउट). म्हणजे 27 बॅटर आले आणि सत्तावीसच्या सत्तावीस आउट, वर्ल्ड सिरीजमधला एकमेव परफेक्ट गेम, मला तर ही ओळ वाचताना अजून काटा येतो.