कच्चा लझान्या: थर पाण्यात पोहू नयेत म्हणून या चुका टाळा

लझान्या म्हणजे पास्त्याच्या पट्ट्या, सॉस आणि चीज यांचे थर रचून भाजलेला इटालियन पदार्थ; कच्च्या लझान्यात काहीच शिजवत नाहीत. पहिल्यांदा तो केला नणंदेच्या पन्नासाव्या वाढदिवसाला. ती व्हीगन आहे, म्हणजे दूध-दह्यासकट कुठलाच प्राणिजन्य पदार्थ खात नाही, आणि घरातल्या प्रत्येक कार्यक्रमात तिच्या वाट्याला नुसतं सॅलड येतं याचं मला वाईट वाटायचं. दुपारी चारला थर रचून काचेचं भांडं फ्रिजमध्ये ठेवलं. रात्री आठला काढलं तर तळाशी पाणी साचलेलं, वरचे थर घसरलेले आणि काजूचा रिकोटा (रिकोटा म्हणजे मऊ इटालियन चीज, इथे ते काजू वाटून करतात) ताकासारखा पातळ. चव चांगली होती, पण उलथण्यावर एक तुकडा धड उचलता येईना. त्यानंतर हा पदार्थ मी पुष्कळदा केला, मैत्रिणींना शिकवला, त्यांच्याकडे बिघडलेलाही पाहिला. जवळजवळ प्रत्येक वेळी दोष पाण्याचाच निघाला.

हा पदार्थ नावारूपाला आला तो न्यूयॉर्कमध्ये. मॅनहॅटनमधल्या आयर्विंग प्लेसवर २००४ साली ‘प्युअर फूड अँड वाइन’ हे रेस्टॉरंट सुरू झालं. तिथे काहीच शिजवत नसत, आणि झुकिनी-टोमॅटोचा लझान्या ही तिथली ओळख झाली. पास्त्याच्या जागी झुकिनीच्या पातळ पट्ट्या, चीजच्या जागी चिलगोज्यांचा रिकोटा, मध्ये सुकवलेल्या टोमॅटोचा सॉस आणि पिस्त्याचा पेस्टो, म्हणजे बेसिलची पानं तेलात वाटून केलेली चटणी. साधारण ४८ अंश सेल्सिअसच्या वर काहीही तापवायचं नाही, हा कच्च्या आहारातला रूढ दंडक.

नेहमीच्या लझान्यात पास्ता पाणी पितो आणि उरलेलं ओव्हनमध्ये उडून जातं. इथे पास्ताही नाही आणि ओव्हनही नाही. म्हणून प्रत्येक थराचं पाणी रचण्याआधीच काढावं लागतं. आपल्याला हे नवं नाही. खमंग काकडीसाठी काकडी कोचून, मीठ लावून पिळतो, श्रीखंडासाठी दही टांगतो. या दोन गोष्टी ज्यांच्या हातात आहेत त्यांना हा लझान्या जमायलाच हवा.

झुकिनी कापली आणि थेट रचली

ही सगळ्यात मोठी चूक. झुकिनीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. रिकोट्यातलं आणि सॉसमधलं मीठ तिला लागलं की ती तासाभरात पाणी सोडते. ते पाणी आपण आधीच सोडवून घ्यायचं.

चार जणांसाठी मध्यम आकाराच्या तीन झुकिन्या, म्हणजे साधारण ५०० ग्रॅम पुरतात. वीतभर लांबीच्या, सडपातळ, हाताला घट्ट लागणाऱ्या निवडा. जाडजूड झुकिनीचं पोट बियांनी भरलेलं आणि कापसासारखं असतं, तिच्या पट्ट्या मधोमध फाटतात. सुरीने सारख्या पट्ट्या निघणं कठीण, त्यासाठी बटाट्याच्या वेफर्सची किसणी उत्तम. झुकिनी लांबीत धरून ओढायची. पट्टी दीड-दोन मिलिमीटर जाड हवी: वाकवली तर मोडू नये, पण उजेडात धरली तर पलीकडचं आरपार दिसू नये. जाड पट्टी दाताखाली कच्च्या दुधीसारखी लागते. फार पातळ पट्टी मीठ लागताच चिंधी होते.

पट्ट्यांना अर्धा छोटा चमचा मीठ हलक्या हाताने चोळून चाळणीत वीस मिनिटं ठेवा. खाली पाव वाटीच्या आसपास पाणी जमेल. काकडीसारख्या पिळू मात्र नका, पट्ट्या चुरगळतात. स्वच्छ पंचावर एकेक पसरा, वरून दुसरा पंचा घालून तळव्याने दाबा. मग चमचाभर ऑलिव्ह तेल आणि चिमूटभर ओरेगॅनो चोळा. तेलाचा पातळ थर बसला की पट्टी मऊ आणि लवचीक राहते. मीठ इथेच लागलेलं असतं, त्यामुळे बाकीच्या थरांत हात आखडता ठेवा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कापण्याआधी प्रत्येक झुकिनीची एक चकती चाखून बघा. झुकिनी दुधी-काकडीच्या कुळातली आहे. कडू दुधीचा रस पिऊन माणसं गंभीर आजारी पडल्याचं आपण ऐकतो, तीच कुकुरबिटासिन नावाची द्रव्यं कडू झुकिनीत असतात. मीठ लावून ती जात नाहीत, आणि शिजवूनही जात नाहीत. कडू लागली की आख्खी झुकिनी टाकून द्या.

काजू फिरत नाहीत म्हणून पाणी ओतत राहणं

आपल्या मिक्सरच्या मोठ्या भांड्यात वाटीभर काजू घातले की ते कडेला चिकटतात आणि पातं नुसतंच फिरतं. मग आपण पाणी घालतो. पुन्हा फिरवतो, पुन्हा घालतो. शेवटी हातात येतं ते काजूचं दूध.

दीड वाटी काजू (२०० ग्रॅम) चार ते सहा तास भिजवा. उन्हाळ्यात फ्रिजमध्येच, नाहीतर आंबूस वास येतो. पाणी पूर्ण निथळून चटणीच्या छोट्या भांड्यात दोन खेपांत वाटा. दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि सगळं मिळून तीन-चार मोठे चमचे पाणी, यापुढे जायचं नाही. बटण सतत दाबून न धरता थांबत थांबत फिरवा आणि दर वेळी कडा खरवडा. भांडं हाताला गरम लागलं तर पाच मिनिटं थांबा. एक तर गरम झालेलं मिश्रण कच्च्या पदार्थाच्या नियमात बसत नाही, शिवाय काजूचं तेल सुटून रिकोटा तेलकट होतो. तो लोण्यासारखा गुळगुळीतही नको, किंचित रवाळ हवा.

एवढं करूनही पातळ झालाच तर मलमलच्या फडक्यात बांधून चक्क्यासारखा टांगा, किंवा चाळणीत ठेवून वर वाटीचं वजन द्या. फ्रिजमध्ये चार-पाच तासांत आळून येतो. मी आता पातळ नसला तरी टांगते.

कडक नियम पाळणाऱ्यांसाठी: दुकानातले पांढरे काजू ‘कच्चे’ म्हणून विकले जात असले तरी ते खऱ्या अर्थाने कच्चे नसतात. काजूच्या टरफलात कातडी भाजणारा चीक असतो, म्हणून फोडण्याआधी बिया वाफवतात किंवा भाजतात. खरोखर कच्चे हवे असतील तर कोकणात आणि गोव्यात मार्च-एप्रिलमध्ये मिळणारे ओले काजूगर घ्या. कोमट पाण्यात टाकून साल काढा. त्यांचा रिकोटा इतका गोडसर आणि कोवळा लागतो की एकदा खाल्ल्यावर हंगामाची वाट बघावीशी वाटते. फक्त त्यांच्यात मूळचंच पाणी जास्त असतं, म्हणून वाटताना पाणी अजिबात नको आणि टांगणं चुकवायचं नाही. काजूऐवजी सूर्यफुलाच्या भिजवलेल्या बियाही चालतात, रंग थोडा राखाडी येतो. चीजसारख्या चवीसाठी न्यूट्रिशनल यीस्ट (यीस्टची वाळवलेली पूड) घालायची पद्धत आहे, पण ती उष्णता देऊन निष्क्रिय केलेली असते हे ठाऊक असू द्या.

टोमॅटो हिरवा दिसला म्हणून आणला

न्यूयॉर्कच्या त्या लझान्यात ‘ग्रीन झेब्रा’ जातीचे पट्टेरी टोमॅटो असत. ते पिकल्यावरही हिरवे राहतात आणि रसाळ असतात. आपल्याकडे भाजी-चटणीला वापरतो ते हिरवे टोमॅटो म्हणजे न पिकलेले लाल टोमॅटो. फोटोत हिरवा रंग बघून हे वापरले तर लझान्या टणक आणि आंबटढाण होतो. आपल्यासाठी लांबट, जाड गराचे लाल टोमॅटो बरे. चकत्या केल्यावर बिया आणि बुळबुळीत गर बोटाने काढा, मीठ भुरभुरा, कागदावर दहा मिनिटं ठेवा. गावठी टोमॅटो चवीला कितीही सरस असले तरी इथे नकोत, ते नुसता रस आहेत.

सॉस ताज्या टोमॅटोचाच करणं ही याची जुळी चूक. सॉसला अंग येतं ते सुकवलेल्या टोमॅटोने. अर्धी वाटी सुकवलेले टोमॅटो कोमट पाण्यात तासभर भिजवून निथळा आणि एकाच ताज्या टोमॅटोच्या गराबरोबर वाटा. चमचा उलटा केला तर सॉस पडता कामा नये. पातळ वाटला तर छोटा चमचा कच्च्या जवसाची पूड मिसळून पंधरा मिनिटं थांबा. विकतचे टोमॅटो महाग पडतात. एप्रिल-मेमध्ये वाळवणं घालतो तेव्हा परातभर टोमॅटो मीठ लावून, कापलेली बाजू वर करून, पातळ फडक्याखाली गच्चीवर ठेवा. देशावरच्या कोरड्या उन्हात तीन-चार दिवसांत होतात. किनारपट्टीच्या दमट हवेत बुरशी धरते, तिथे हा प्रयोग नको.

बेसिल नाही तर तुळस

नाही. दोघी एका कुळातल्या असल्या तरी आपल्या तुळशीत लवंगेसारखा उग्रपणा असतो आणि वाटीभर पानं वाटली की पेस्टो औषधी काढ्यासारखा लागतो. सब्जाचं झाड लावलं असेल तर त्याची कोवळी पानं घ्या, बेसिल आणि सब्जा ही एकच जात आहे. काहीच नसेल तर कोथिंबीर आणि थोडा पुदिना घ्या. चव इटालियन राहणार नाही, पण बेताल होणार नाही.

बाटलीतला पेस्टो आणत असाल तर मागची यादी वाचा, बहुतेकांत चीज असतं. व्हीगन पाहुण्याला ते वाढलं गेलं तर सगळ्या मेहनतीवर पाणी.

घरचा पेस्टो काळा पडतो तो ओल्या पानांमुळे आणि जास्त फिरवल्यामुळे. पानं कोरडी करा, भांडं आणि पातं अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, पिस्ते आणि तेल आधी वाटून पानं शेवटी घाला. कच्चा लसूण अर्धी पाकळी बस. तो मुरत जाईल तसा तिखट होतो. लिंबाच्या रसातच ठेचलात तर सौम्य राहतो. जैन पाहुणे असतील तर बिनदिक्कत वगळा.

आधी रचून ठेवणं

माझी मूळ चूक. रिकोटा आणि सॉस आदल्या दिवशी करा, झुकिनी-टोमॅटो दोन तास आधी तयार ठेवा, पण रचा वाढण्याआधी अर्ध्या तासाच्या आत. मोठ्या भांड्यात रचण्यापेक्षा प्रत्येकाच्या ताटलीत वेगळा रचलेला सुबक दिसतो आणि कापायचा प्रश्नच उरत नाही. तीन पट्ट्या कडा एकमेकींवर किंचित चढवून, मग सॉस, रिकोट्याचे छोटे गोळे, पेस्टोचे थेंब, टोमॅटोच्या दोन चकत्या. हे आणखी दोनदा. रिकोटा पसरवायच्या भानगडीत पडू नका, पट्ट्या सरकतात. तीन थरांच्या वर गेलात तर मनोरा कलतो. फ्रिजमधून काढलेले रिकोटा-सॉस रचण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, गार काजू जिभेला मेणचट लागतात.

पाहुणे उशिरा आले आणि पाणी सुटलंच, तर ताटली तिरकी करून कागदी रुमालाने टिपा आणि रचलेला थर सपाट झाऱ्याने उचलून कोरड्या ताटलीत ठेवा. वरून दोन ताजी पानं आणि भरड कुटलेले पिस्ते. उरलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढण्याजोगं राहत नाही. सगळं बारीक चिरून, निथळून घ्या आणि लेट्यूसच्या पानात गुंडाळून दुपारच्या आत संपवा.